छठला गावी गेला होतास का?

नाशिकमध्ये काला आजार होत नाही. सिन्नरला होत नाही, मालेगावला होत नाही, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यातही होत नाही. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवते, आणि एवढं तरी मी ठामपणे सांगू शकते. तरीही अधूनमधून काउंटरवर एखादी चिठ्ठी येते, तिच्यावर खास डॉक्टरी अक्षरात काला आजाराच्या तपासणीचं नाव, 'आरके-३९', लिहिलेलं असतं, आणि आमच्या काउंटरवरची मुलगी आत येऊन विचारते, "मॅडम, हे आपल्या रेटकार्डात नाही. किती घेऊ?"

पैशांचं नंतर बघू, मी म्हणते. आधी पेशंटला बसव आणि गाव विचार.

रक्ततपासणीचा आणि गावाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. कोलेस्टेरॉल तपासायला गाव लागत नाही. काला आजाराच्या बाबतीत मात्र गाव माहीत नसताना दिलेल्या रिपोर्टवर सही करायला माझा हात धजावत नाही. मग तो रिपोर्ट माणसाचा असो की कुत्र्याचा.

हा आजार लिशमॅनिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. आपल्या देशातला परजीवी म्हणजे लिशमॅनिया डोनोव्हानी, आणि त्याला घरोघर पोहोचवते वाळूमाशी. ही दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ अंगाची, डासापेक्षा कितीतरी लहान. गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही. पंख उभे धरून बसते आणि नीट उडण्याऐवजी टुणटुण उड्या मारत पुढे सरकते. तिला साचलेलं पाणी लागत नाही. शेणामातीच्या भिंतीची भेग, गोठ्याचा ओलसर कोपरा एवढं पुरतं. ती महाराष्ट्रात नाही असं मात्र कुणी समजू नये. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात जो विषाणू सापडला, जो २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांच्या जिवावर उठला आणि २०२४ मध्ये गुजरातेत परत उसळला, तोही वाळूमाश्याच पसरवतात. म्हणजे माशी आहे. काला आजाराचा परजीवी इथे रुजलेला नाही. भारतात हा परजीवी माणसाकडून माशीत आणि माशीकडून माणसात असाच फिरत राहतो, आणि ही साखळी मुख्यत्वे बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतल्या ५४ जिल्ह्यांत टिकून राहिली.

आजाराचं रूप फसवं असतं. ताप येतो आणि महिना उलटला तरी जात नाही. माणूस वाळत जातो, पोट मात्र वाढतं, कारण डाव्या बरगडीखालची पांथरी फुगून बेंबीच्या दिशेला सरकते. रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. उपचार झाले नाहीत तर बहुतेक रुग्ण दगावतात.

मग तपासणीत अडचण काय? हिवतापाशी तुलना केली की लगेच समजतं. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत राहतो, तांबड्या पेशी बोटाच्या टोकापर्यंत येतात, थेंबभर रक्त काचेवर पसरलं की तो दिसतो. लिशमॅनिया राहतो मॅक्रोफेज पेशींत, म्हणजे शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणं हेच ज्यांचं काम आहे त्यांच्याच पोटात. आणि या पेशी ठाण मांडून बसतात पांथरीत, यकृतात, हाडांच्या मगजात. दंडातून काढलेल्या रक्तात परजीवी दिसणं हा नशिबाचा भाग.

म्हणून जुन्या डॉक्टरांनी सरळ पांथरीतच सुई घातली. दमदमहून इंग्लंडला परतलेला एक सैनिक १९०० मध्ये नेटलीच्या लष्करी रुग्णालयात वारला. त्याच्या पांथरीच्या काचेवर विल्यम लिशमन यांना अंडाकृती ठिपके दिसले. ते त्यांनी १९०३ मध्ये छापले आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हान यांना तेच ठिपके सापडले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावं परजीवीला देऊन वाद मिटवला. आम्ही लॅबवाले आजही त्या ठिपक्यांना 'एलडी बॉडी' म्हणतो. पांथरीतला द्रव तपासला तर शंभरातले ९३ ते ९९ रुग्ण पकडले जातात. हाडाच्या मगजात हे प्रमाण ५३ ते ८६ इतकं खाली येतं. पण फुगलेली, रक्ताने भरलेली पांथरी, त्यात प्लेटलेट कमी, आणि त्यात आपण सुई घालणार. हजारात एखाद्याला जिवावर बेतेल असा रक्तस्राव होतो. खेड्यातल्या दवाखान्यात हे कुणी करू नये, आणि काला आजार तर खेड्यातच असतो.

या पेचातून रक्ताच्या तपासण्या निघाल्या. त्यांतली सगळ्यात जुनी मला फार आवडते, जरी तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. नाव फॉर्मॉल जेल टेस्ट. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्यात नेपियर यांनी ती रूढ केली. त्याच शहरात, त्याच काळात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचं युरिया स्टिबामाइन हे औषध हजारोंचे जीव वाचवू लागलं होतं. नागपूरला एमडी करत असताना आमच्या सरांनी ही तपासणी आम्हाला करून दाखवली. परीक्षानळीत एक मिलिलिटर सिरम, त्यात फॉर्मॅलिनचा एक थेंब, नळी हलवून स्टँडमध्ये ठेवायची. काही मिनिटांत ते पिवळसर पातळ सिरम गोठलं आणि पांढरंफटक झालं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. नळी उलटी केली तरी खाली सांडेना. आम्ही सगळे खूश. मग सरांनी शांतपणे सांगितलं की हा पेशंट काला आजाराचा नाही, मल्टिपल मायलोमाचा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या कॅन्सरचा आहे. "परीक्षेत लिहायला ठेवा. पेशंटवर वापरू नका."

गोठण्याचं कारण काय? काला आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा भांबावते आणि प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, वारेमाप माल काढत सुटते. बहुतेक माल बिनकामाचा. परजीवी पेशीच्या आत सुरक्षित, त्याला बाहेरच्या प्रतिपिंडांचा धक्काही लागत नाही. सिरममधलं ग्लोब्युलिन मात्र बेसुमार वाढतं आणि फॉर्मॅलिन पडलं की तेच गोठतं. असं ग्लोब्युलिन मायलोमात वाढतं, जुन्या क्षयरोगात वाढतं, कुष्ठरोगातही वाढतं. शिवाय काला आजारात ते पुरेसं वाढायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे ही तपासणी उशिरा बोलायची, आणि बोलायची तेव्हा मोघम बोलायची.

तपासणी बाद झाली, पण तिच्यामागचं निरीक्षण बाद झालेलं नाही. आजही माझ्या लॅबमध्ये काला आजाराची पहिली कुणकुण कुठल्याही खास किटवर लागत नाही. ती लागते लिव्हर प्रोफाइलच्या साध्या कागदावर. एकूण प्रोटीन नऊच्या पुढे, अल्ब्युमिन अडीचच्या खाली, दोघांचं गुणोत्तर उलटं. डॉक्टर एसजीपीटी बघतात आणि कागद मिटतात. मला विचाराल तर त्या कागदावरची सर्वांत दुर्लक्षित ओळ तीच आहे.

आता आरके-३९. लिशमॅनियाच्या एका प्रथिनात ३९ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. अमेरिकेतल्या स्टीव्हन रीड यांच्या गटाने १९९३ मध्ये हे शोधलं, आणि तो तुकडा प्रयोगशाळेत तयार करून कागदी पट्टीवर बसवला गेला. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर यांनी बिहारच्या रुग्णांवर ती पट्टी वापरून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. बोटाचं थेंबभर रक्त, वर बफरचे थेंब, दहा मिनिटं थांबायचं. वरची रेघ पट्टी चालते हे सांगते. खाली दुसरी रेघ उमटली तर रक्तात त्या तुकड्याविरुद्धची प्रतिपिंडं आहेत. त्याआधी डीएटी नावाची चांगली तपासणी होती, पण तिला प्लेट, पिपेट आणि दुसऱ्या दिवसापर्यंतचा धीर लागायचा. ज्या गावाला वीजच संध्याकाळी येते, तिथे दहा मिनिटांच्या पट्टीने मोठीच क्रांती केली. भारतीय उपखंडात ती शंभरातल्या सुमारे ९७ रुग्णांना पकडते. गंमत म्हणजे पूर्व आफ्रिकेत तीच पट्टी ८५ वर घसरते. रेघेला गाव लागतं ते असं.

पण 'प्रतिपिंडं आहेत' आणि 'आजार आहे' यांत अंतर आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. आजार बरा झाल्यावरही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात. ज्या गावांत काला आजार आहे तिथल्या धडधाकट माणसांतही दहातल्या एक ते तीन जणांच्या पट्टीवर रेघ येते. त्यांना माशी चावली, शरीराने परजीवीला आवरलं, विषय संपला. उलट एचआयव्ही असलेल्या रुग्णात आजार बळावलेला असूनही प्रतिपिंडं पुरेशी तयार होत नाहीत आणि पट्टी कोरी राहू शकते. म्हणून सरकारी कार्यक्रमात पट्टी लावण्याआधीच अटी आहेत: ताप दोन आठवड्यांहून जास्त, पांथरी वाढलेली, हिवताप नाही, आणि माणूस काला आजाराच्या भागातला. शेवटची अट नाशिकला सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच चिठ्ठीवर कधी लिहिलेली नसते.

काही वर्षांपूर्वी अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमधला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला होता. दोन महिने ताप. विडाल पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं झालेली, हिवतापाच्या गोळ्या झालेल्या, आता क्षयरोगाची औषधं सुरू करायची बोलणी चाललेली. हिमोग्लोबिन सातच्या आसपास, पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली, प्लेटलेट सत्तर हजारांच्या आत. प्रोटीनचं गुणोत्तर उलटं. मी बाहेर जाऊन विचारलं, "गाव कुठलं?" म्हणाला, "नासिक." मूळ गाव? "नासिकच, मॅडम."

इथे एक गोष्ट उघड बोलायला हवी. आपल्या राज्यात परप्रांतीय कामगाराला गाव विचारणं हा साधा प्रश्न राहिलेला नाही. तो आधार कार्डाचा, पोलिसाचा, कधीकधी मार खाण्याचा प्रश्न असतो. समोरचा माणूस पांढऱ्या कोटातला असला तरी उत्तर ठरलेलं: नासिकच. मी आता गाव विचारतच नाही. मी विचारते, "छठला गावी गेला होतास का?" हा प्रश्न ऐकून चेहरा सैल पडतो. हो, गेलो होतो, पवन एक्सप्रेसने. मुझफ्फरपूरला उतरून पुढे बसने. महिनाभर राहिलो, भावाचं लग्न होतं. झोपायचो गोठ्याशेजारी, घरात पाहुणे होते ना. ताप कधी सुरू झाला? परत आल्यावर, तीनेक महिन्यांनी.

माशी चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते सहा महिने जातात. हिशेब जुळला. पट्टी मागवली, रेघ आली. तरी मी त्याच्या डॉक्टरांना फोन करून मगज तपासायचा आग्रह धरला, आणि तेलाच्या भिंगाखाली मॅक्रोफेजच्या पोटात ते ठिपके दिसले: एक मोठा गोल केंद्रक, शेजारी बारीक काडी. ती काडी दिसल्याशिवाय एलडी बॉडी म्हणायचं नाही, हा आमचा नियम. नुसते ठिपके बुरशीचेही असतात आणि फुटलेल्या प्लेटलेटचेही. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवलं. हल्लीचा उपचार म्हणजे लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मात्रा शिरेतून, सरकारी कार्यक्रमात फुकट. मुलगा बरा झाला. जाताना त्याला एका कार्डावर लिहून दिलं की तुझी ही पट्टी यापुढे अनेक वर्षं पॉझिटिव्हच येईल, ती दाखवून कुणी पुन्हा औषध द्यायला लागलं तर हे कार्ड दाखव. नाहीतर उद्या साध्या फ्लूच्या तापात कुणीतरी पट्टी लावणार आणि पुन्हा सलाइन चढणार.

असे अनुभव ऐकले की डॉक्टरमंडळी दुसऱ्या टोकाला जातात. "मग प्रत्येक लांबलेल्या तापात पट्टी लावूनच टाकू ना, काय बिघडलं?" काय बिघडतं ते आकड्यांत सांगते. समजा पट्टी इतकी उत्तम आहे की खरा रुग्ण कधी सुटत नाही आणि आजार नसलेल्या १०० जणांपैकी फक्त दोघांना खोटी रेघ देते. मुझफ्फरपूरच्या दवाखान्यात पांथरी वाढलेले १०० जण निवडून तपासले आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर आजार असला, तर ५१ रेघा येतील. ५० खऱ्या, एक खोटी. तीच पट्टी नाशिकमध्ये तापाच्या १,००० पेशंटना सरसकट लावली आणि त्यांत खरा रुग्ण एकच असला, तर २१ रेघा येतील. वीस खोट्या. पट्टी तीच, कंपनी तीच, लावणारा हातही तोच.

हे नुसतं गणित नाही. याचा धडा महाराष्ट्रानेच जगाला दिलेला आहे, पण आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. २००४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला चढउतार होणारा ताप आला, आणि त्याच्या रक्ताच्या साध्या काचेवर वळवळणारे परजीवी दिसले. ते होते ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे घोडे, उंट, गुरं यांना होणाऱ्या सर्रा रोगाचे. लिशमॅनियाचा हा सख्खा चुलतभाऊ. माणसाला तो होत नाही असं पुस्तकांत लिहिलेलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी तो ओळखला, सुरामिन या औषधाने शेतकरी बरा झाला, आणि पुढे उघड झालं की या परजीवीला मारणारं एपीओएल-१ नावाचं प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हतं. आता मुद्द्याची गोष्ट. साथीच्या धास्तीने त्याच्या गावात १,८०६ लोकांची कार्डावरची प्रतिपिंड-तपासणी केली गेली. ४१० जण पॉझिटिव्ह आले. त्यांचं सिरम घेऊन पुन्हा पारखलं, तेव्हा ठाम म्हणावेत असे ६० उरले. आणि प्रत्यक्ष परजीवी? एकाच्याही रक्तात सापडला नाही. कार्डावर विसंबून औषध वाटलं असतं तर शेकडो धडधाकट माणसांना सुरामिनसारखं जहाल औषध गेलं असतं. त्यांनी ते वाटलं नाही, काच पाहिली. आमच्या धंद्यात याहून मोठा शहाणपणा मला माहीत नाही.

खोट्या रेघांचा हा प्रश्न बिहारमध्येही आता यायला लागला आहे. २००७ मध्ये देशात काला आजाराचे ४४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये सहाशेच्या आत. त्या वर्षाच्या अखेरीस बाधित तालुक्यांत दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं गेलं. फार मोठं यश आहे ते. पण आजार जितका विरळ होतो तितकं खोट्या रेघांचं प्रमाण खऱ्यांच्या तुलनेत वाढत जातं, आणि ज्यांनी कधी एलडी बॉडी पाहिलीच नाही असे डॉक्टर तयार होतात. मुझफ्फरपूर या बाबतीत हळूहळू नाशिकसारखं होणार आहे.

आता कुत्र्यांकडे वळते. गंगापूर रोडवर प्रॅक्टिस करणारे एक तरुण पशुवैद्य मला अधूनमधून अवघड नमुने पाठवतात. नाशिकच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं, प्लेटलेट पडल्या, पांथरी वाढली, ग्लोब्युलिन चढलं की कारण शंभरात नव्व्याण्णव वेळा एकच: गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया. गोचिडीतून येणारा हा जंतू आपल्याकडे मुबलक आहे. गंमत अशी की जगाच्या दुसऱ्या भागात अगदी हीच लक्षणं दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी लिशमॅनिया येतो. भूमध्य समुद्राच्या काठी आणि ब्राझीलमध्ये लिशमॅनिया इन्फँटम नावाची जात आहे, आणि तिचं मुख्य घर कुत्रा. ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल यांनी १९०८ मध्येच हे दाखवलं होतं. भारतातल्या डोनोव्हानीचं मुख्य घर माणूस. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांवर हा आळ घालायचं कारण नाही, त्यांच्यावर आधीच पुष्कळ आळ आहेत.

तर या डॉक्टरांकडे पाको आला. स्पेनमध्ये नोकरी करून परतलेल्या एका नाशिककर कुटुंबाने तिथल्या आश्रयगृहातून घेतलेला हा कुत्रा. नाकातून रक्त, डोळ्यांभोवतीचे केस गेलेले, नखं वाकडी वाढलेली. मालकाने स्वतःच मोबाइलवर वाचून लिशमॅनियाचं नाव काढलं होतं, आणि ते वाचन या वेळी बरोबर दिशेचं होतं. कुत्र्यात संसर्गानंतर आजार दिसायला तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कितीही वेळ लागतो. डॉक्टरांनी फोन केला, "मॅडम, तुमच्याकडची माणसांची किट वापरून बघायची का?"

नाही. प्रतिपिंड शोधणाऱ्या एलायझासारख्या बहुतेक तपासण्यांत दोन टप्पे असतात. पहिल्यात पेशंटची प्रतिपिंडं परजीवीच्या तुकड्याला चिकटतात. दुसऱ्यात त्या चिकटलेल्या प्रतिपिंडांना ओळखणारा रंगीत किंवा चमकणारा साक्षीदार टाकायचा. माणसांच्या किटमधला साक्षीदार माणसांची प्रतिपिंडं ओळखायला शिकवलेला असतो, कुत्र्याच्या बाबतीत त्याची साक्ष धरता येत नाही. कुत्र्यासाठी कुत्र्याचा साक्षीदार लागतो, आणि तो ज्या लॅबमध्ये आहे तिथेच नमुना पाठवावा लागतो. जुनी डीएटी याला अपवाद. तिच्यात साक्षीदारच नाही. रंगवलेल्या परजीवींचे प्रतिपिंडांमुळे थेट गठ्ठे बनतात, मग प्रतिपिंड माणसाचं असो की कुत्र्याचं. पशुवैद्यांकडे गोचीड तापासाठी ज्या चार आजारांच्या एकत्र किट असतात, त्यांत लिशमॅनिया नसतो, हेही अनेक मालकांना ठाऊक नसतं. किट कोरी आली म्हणजे कुत्रा सगळ्यातून सुटला असं त्यांना वाटतं.

कुत्र्यांच्या बाबतीत नुसतं 'आहे-नाही' पुरत नाही, प्रतिपिंडं किती आहेत ते मोजावं लागतं. लक्षणं आहेत आणि पातळी मर्यादेच्या कितीतरी पट वर आहे, तर आजार धरायला हरकत नाही. पातळी किंचितच वर असेल तर लिंफ गाठीतून किंवा मगजातून नमुना घेऊन पीसीआर; नुसत्या रक्तावरचा पीसीआर इथेही कच्चा, कारण परजीवी रक्तात कमीच. आणि लघवीतलं प्रोटीन नक्की बघायचं, कारण या कुत्र्यांचा जीव शेवटी मूत्रपिंडं घेतात. युरोपात एक जास्तीची भानगड आहे. २०११ मध्ये तिथे कुत्र्यांसाठी लस आली, आणि लस टोचलेल्या कुत्र्याच्या रक्तातही काही तपासण्या पॉझिटिव्ह येतात. म्हणून मी पाकोच्या मालकांना सांगितलं, स्पेनचं त्याचं निळं पासपोर्ट-पुस्तक घेऊन या. त्यात लशीची चिकटपट्टी होती.

ब्राझीलने या विषयात जे केलं ते वाचून मला झोप लागली नव्हती. माणसांना होणारा आजार रोखायचा म्हणून सरकारने रक्त तपासून पॉझिटिव्ह कुत्रे मारण्याचा कार्यक्रम कित्येक दशकं चालवला. तपासणी काही आजारी कुत्रे सोडत होती आणि काही ठणठणीत कुत्रे पकडत होती. नमुना घेऊन निकाल येईपर्यंत आठवडे जायचे, तोवर माश्या चावतच राहायच्या. कुत्रा गेला की घरात नवं पिल्लू यायचं, आणि पिल्लाला संसर्ग लवकर होतो. माणसांतले रुग्ण त्यामुळे ठळकपणे कमी झाल्याचं काही दाखवता आलं नाही. आता तिथे माशी पळवणारे औषधी पट्टे कुत्र्यांच्या गळ्यात बांधायला सुरुवात झाली आहे.

पाकोच्या रक्तात एर्लिकिया सापडला. स्पेनहून आलेल्या कुत्र्याला नाशिकच्या गोचिडीने गाठलं होतं. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि नाकातलं रक्त थांबलं. लिशमॅनियाची प्रतिपिंडं मर्यादेच्या जराशी वर निघाली. ती लशीची की संसर्गाची, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. केस गेलेले आणि नखं वाढलेली असल्यामुळे गाठीतून नमुना पीसीआरला गेला आणि तो निगेटिव्ह आला. सहा महिन्यांनी प्रतिपिंडं पुन्हा मोजायची, लघवी दर तीन महिन्यांनी, आणि तोपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याला याचं रक्त द्यायचं नाही, असं मी लिहून दिलं. मालकीणबाईंनी आपल्या मुलीला याचा धोका आहे का, असं विचारलं. कुत्र्याने चाटलं, मिठीत घेतलं म्हणून हा आजार लागत नाही. मध्ये माशी लागते, आणि स्पेनमधली या कामाची मुख्य माशी, फ्लेबोटोमस पर्निसिओसस, आपल्याकडे नाही.

मालकांचं समाधान काही झालं नाही. बिल हातात धरून ते म्हणाले, "म्हणजे एवढे पैसे घेऊन तुम्ही आम्हाला सांगताय की अजून सांगता येत नाही?"

"सहा महिन्यांनी या," मी म्हटलं. "पासपोर्ट विसरू नका."